क्रियापदाचं घर वाक्याच्या शेवटी

ताई, नमस्कार.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षांपूर्वी आइंडहोव्हनला आले. दीड वर्ष झालं, डच शिकते आहे. वर्ग इंग्रजीतून, पुस्तक इंग्रजीतून, वर्गातले बहुतेक जण इंग्रजी सफाईने बोलणारे. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. डोक्यात वाक्य मराठीत येतं, त्याचं मी इंग्रजी करते, मग इंग्रजीचं डच. तोवर समोरचा माणूस इंग्रजीवर आलेला असतो. शब्द मला भरपूर येतात. घोळ होतो तो मांडणीत. कुठला शब्द कुठे ठेवायचा तेच कळत नाही.

गेल्या महिन्यात मुलीला ताप होता म्हणून शाळेत फोन केला. ‘ओमदत झेइ इस झीक’ म्हणाले, म्हणजे ‘कारण ती आजारी आहे’, आणि पुढे ‘मॉर्खन झेइ कोम्त’ म्हणाले, म्हणजे ‘उद्या ती येईल’. पलीकडच्या बाईंनी अगदी गोड आवाजात इंग्रजी सुरू केलं. मुलगी सात वर्षांची आहे. अंथरुणातूनच म्हणाली, ‘आई, असं नाही म्हणत.’ मग कसं म्हणतात, ते काही तिला सांगता येईना. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

वर्गात वाक्यरचनेच्या सतरा नियमांचा कागद मिळालाय, तो पाठ आहे. वर्गातली एक जण म्हणाली, तुझं इंग्रजीच कच्चं आहे, आधी ते पक्कं कर, मग डच जमेल. मी तसं करू का? की एकोणचाळिसाव्या वर्षी हे होणारच नाही? मला एकेरीच म्हणा, बरं वाटेल.

एक वाचक, आइंडहोव्हन

*

प्रिय सखी,

आधी उत्तर देते, कारण तू त्याच्यासाठी थांबली आहेस. इंग्रजी सुधारायचं असेल तर खुशाल सुधार, पण डचसाठी म्हणून एक दिवसही त्यात घालवू नकोस. मांडणीच्या बाबतीत तुझं मराठी डचच्या जितकं जवळ आहे तितकं इंग्रजी नाही. तू थेट रस्ता सोडून लांबून वळसा घालून जाते आहेस, आणि तो वळसाच तुला चुकवतो आहे.

मी बावीस वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी गावच्या वाचनालयातल्या तालकफेमध्ये, म्हणजे भाषेच्या कट्ट्यावर, नव्याने आलेल्यांना डच बोलायला मदत करते. पहिली चार वर्षं माझीही तुझ्यासारखीच गेली. दवाखान्याच्या खिडकीपाशी ‘मॉर्खन इक कन कोमन’, उद्या मी येऊ शकते, असं चुकीच्या क्रमाने तीनदा म्हणून, शेवटी गप्प बसून परत आलेली मला आठवते आहे. तेव्हा मला कोणी सांगितलं नाही ते तुला आज सांगते.

पुढे डच शब्द देवनागरीत लिहिते. घसा खरवडून येणाऱ्या त्यांच्या ‘ग’साठी मी ‘ख’ वापरला आहे. उच्चार तुला ठाऊकच आहेत.

तुझ्या फ्रिजवर कामांची यादी असेलच. तुझ्या डच शेजारणीच्या फ्रिजवरही असते. तिच्या यादीत काय असतं बघ: बोत्स्खपन दून. रामन लपन. कॉफी कोपन. मुलीच्या बाथरूममध्ये शाळेकडून आलेलं चित्र असेल, त्यावर तंदन पुत्सन. आता याचं मराठी कर. सामान आणणे. खिडक्या पुसणे. कॉफी विकत घेणे. दात घासणे. शब्दाला शब्द, जागेला जागा. इंग्रजीत हेच सांगायचं तर क्रियापद आधी येतं: क्लीन द विंडोज, ब्रश युअर टीथ. डच माणसाच्या मनात काम उभं राहतं ते आपल्यासारखं: आधी खिडक्या, मग पुसणे. शब्दकोशात, यादीत, पाटीवर, जिथे क्रियापदाला कर्त्याचं ओझं नाही तिथे ते शेवटी बसलेलं असतं. स्टेशनाबाहेरची पाटी वाच: हीर खेन फीत्सन प्लात्सन. इथे सायकली लावू नयेत. डच मुलं बोलायला लागतात तेव्हाही सुरुवातीला ‘बुक लेझन’, ‘कुक्य एतन’ असंच म्हणतात. पुस्तक वाचणं, बिस्किट खाणं. व्याकरण शिकायच्या आधीच त्यांना क्रियापदाचं घर माहीत असतं.

तुझ्या सतरा नियमांच्या कागदावर ‘गौण वाक्यात क्रियापद शेवटी फेकलं जातं’ अशा अर्थाचं काहीतरी असणार. हे वाक्य इंग्रजीच्या खिडकीतून लिहिलेलं आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला क्रियापद कर्त्याला चिकटून बसलेलं हवं असतं, म्हणून ते शेवटी दिसलं की त्याला वाटतं कोणीतरी फेकलं. तुला असं वाटायचं काही कारण नाही. कोणी फेकलेलं नाही, ते तिथेच राहतं. १९७५ साली यान कॉस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने हेच तपशीलवार मांडलं, की डच ही मुळात कर्ता-कर्म-क्रियापद या क्रमाची भाषा आहे. त्यांना त्यासाठी पानंच्या पानं युक्तिवाद करावा लागला. तुला आणि मला तो क्रम आईच्या मांडीवर मिळाला.

म्हणून शाळेतला तुझा फोन घेऊ. तू म्हणालीस, ‘ओमदत झेइ इस झीक’. हे ‘बिकॉज शी इज सिक’चं हुबेहूब रूप आहे. आता इंग्रजी बाजूला ठेव आणि मराठीत म्हण: कारण ती आजारी आहे. ओमदत, कारण. झेइ, ती. झीक, आजारी. इस, आहे. ओमदत झेइ झीक इस. तुझ्या डोक्यात पहिल्यांदा जे वाक्य आलं होतं तेच बरोबर होतं! मधे इंग्रजीचं स्टेशन घेतलंस आणि तिथे ‘इज’ उचलून पुढे नेलंस.

हे एकाच वाक्यापुरतं नाही. ‘इक वेत दत हेइ झीक इस’: मला माहीत आहे की तो आजारी आहे. ‘द फ्राउ दी नास्त ओन्स वोन्त’: ती बाई, जी आमच्या शेजारी राहते. ‘दत इक मॉर्खन मेत द त्रेइन नार उत्रेख्त खा’: की मी उद्या ट्रेनने उत्रेख्तला जाते. या शेवटच्या वाक्यात कधी, कशाने, कुठे हा क्रमही आपलाच आहे. इंग्रजी बोलणारा म्हणतो, आय अॅम गोइंग टू उत्रेख्त बाय ट्रेन टुमॉरो. कुठे, कशाने, कधी. आपल्या बरोबर उलटं. वर्गात ‘काळ, रीत, स्थळ’ असा मंत्र पाठ करायला लावला असेल तर तो बाकीच्यांसाठी आहे, तुला तो पाठ करावा लागत नाही.

मग डच वेगळी कुठे पडते? मुख्यतः एका जागी, आणि ती एक जागा नीट समजली की निम्म्याहून जास्त गुंता सुटतो. साध्या, स्वतंत्र वाक्यात कर्त्याप्रमाणे बदलणारं जे क्रियापद असतं ते शेवटचं घर सोडून दुसऱ्या जागेवर येऊन बसतं. फक्त तेवढंच एक. बाकी सगळी मंडळी होती तिथेच राहतात.

कट्ट्यावर मी हे चिठ्ठ्यांनी दाखवते. गेल्या हिवाळ्यात एका टेबलाशी इंग्लंडहून आलेले एक निवृत्त गृहस्थ आणि पुण्याची एक मुलगी बसले होते. दोघांना मी त्याच पाच चिठ्ठ्या दिल्या: इक, मॉर्खन, मेत द त्रेइन, नार उत्रेख्त, आणि लाल शाईने लिहिलेली खान, म्हणजे जाणे. सांगितलं, मॉर्खनने सुरुवात करा. दोघांनीही मॉर्खनच्या पुढे इक ठेवलं आणि लगेच लाल चिठ्ठी. मुलीनेसुद्धा, कारण तीही इंग्रजीतूनच विचार करत होती. मी तिच्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि म्हटलं, मराठीत जसं म्हणशील तशा मांड. तिने मॉर्खन ठेवलं, इक ठेवलं, त्रेइन, उत्रेख्त, आणि लाल चिठ्ठी शेवटी. हात एकदाही अडखळला नाही. उद्या मी ट्रेनने उत्रेख्तला जाणे. मग मी म्हटलं, आता फक्त लाल चिठ्ठी उचल आणि मॉर्खनच्या शेजारी, दुसऱ्या जागी ठेव. तिने उचलली, ठेवली, आणि वाचलं: मॉर्खन खा इक मेत द त्रेइन नार उत्रेख्त. एक चिठ्ठी हलली आणि अस्सल डच वाक्य तयार झालं. इंग्लंडच्या गृहस्थांना त्या रात्री जवळजवळ सगळ्याच चिठ्ठ्या हलवाव्या लागल्या, आणि त्यांनी त्या फार चिकाटीने हलवल्या.

हे तू घरी करून बघ, खरोखरच्या कागदावर. डोक्यातल्या डोक्यात नको. हाताला एकदा कळलं की जिभेला कळायला वेळ लागत नाही.

आता ‘दुसरी जागा’ म्हणजे दुसरा शब्द असं समजू नकोस. इथे बरेच जण अडकतात. पहिली जागा म्हणजे एक आसन, त्यावर एक शब्दही बसतो आणि अख्खं कुटुंबही. ‘फोल्खन्द वेक दिन्स्दाख ओम द्री ऊर’, पुढच्या आठवड्यात मंगळवारी तीन वाजता, हे सगळं मिळून एकच आसन. त्यानंतर लगेच हेप, मग इक, मग अन अफस्प्राक: माझी भेट ठरली आहे. आणि पहिल्या आसनावर दुसरं कोणी बसलं की कर्ता बिचारा क्रियापदाच्या मागे जातो. ‘मॉर्खन झेइ कोम्त’मध्ये तुझी चूक ती हीच: मॉर्खनने आसन घेतलंय, मग दुसऱ्या जागी कोम्त हवं, आणि झेइ त्याच्या पाठीशी. मॉर्खन कोम्त झेइ. इंग्रजी बोलणाऱ्यांकडून सर्वांत जास्त होणाऱ्या चुकांमधली ही एक. खरं तर फार पूर्वी इंग्रजीतही ही रीत होती. ‘हिअर कम्स द बस’ किंवा ‘नेव्हर हॅव आय सीन’ अशा वाक्यांत तिच्या खुणा अजून सापडतात. आज जर्मन, डच, स्वीडिश या सगळ्या बहिणींनी ती सांभाळली आहे. इंग्रजीने सोडली.

पहिल्या आसनावर एक संपूर्ण वाक्यसुद्धा बसतं. अल्स हेत रेखन्त, ब्लेइफ इक ताउस. पाऊस पडला तर मी घरी राहते. ‘अल्स हेत रेखन्त’ हे आत स्वतःपुरतं वाक्य आहे, म्हणून रेखन्त आपल्या घरी, शेवटी. पण मोठ्या वाक्याच्या दृष्टीने तो एकच पाहुणा आहे, पहिल्या आसनावर बसलेला. म्हणून लगेच ब्लेइफ. स्वल्पविरामाच्या अलीकडे एक क्रियापद, पलीकडे दुसरं, दोघं पाठीला पाठ लावून. लिहिताना ही खूण तपासत जा. ‘अल्स’ने सुरू केलेल्या वाक्यात स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापद दिसलं तर बहुतेक वेळा वाक्य ठीक आहे.

क्रियापद दोन शब्दांचं असेल तर काय होतं ते बघ, कारण मला डचमधला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. इक हेप खिस्तरन अन बुक खलेझन. मी काल एक पुस्तक वाचलं आहे. बदलणारं हेप पुढे दुसऱ्या जागी आलं, खलेझन घरीच राहिलं. बाकी सगळं या दोघांच्या मधे. डच लोक याला तंग-कन्स्त्रुक्सी म्हणतात. तंग म्हणजे पक्कड, आपली सांडशी. सांडशीच्या दोन पात्यांमध्ये पातेल्याची कड जशी धरावी तसं वाक्य दोन क्रियापदांमध्ये धरलेलं असतं. मी पूर्वी बोलताना एक पातं लावायचे आणि दुसरं विसरायचे, आणि समोरचा माणूस ताटकळत राहायचा, कारण त्याचे कान शेवटच्या शब्दासाठी उघडे असायचे. तुझे कान तसेच आहेत. मराठीत आपणही ‘मी काल ते पुस्तक’ एवढं ऐकून थांबतो, की वाचलं, फाडलं, की हरवलं. इंग्रजी कानाला ही वाट पाहण्याची सवय मुद्दाम लावावी लागते.

कधी कधी डच माणूस एखादा जोड सांडशीबाहेर लोंबू देतो. ‘इक हेप ओप द बस खवख्त’ याऐवजी ‘इक हेप खवख्त ओप द बस’. घाबरू नकोस. आपणही ‘मी बसची वाट पाहिली’ म्हणतो आणि बोलण्याच्या ओघात ‘मी वाट पाहिली बसची’ असंही म्हणतोच.

तुटणारी क्रियापदं, ज्यांचा तुझ्या कागदावर वेगळा नियम असेल, तीसुद्धा याच गोष्टीचा भाग आहेत. ओपबेलन, म्हणजे फोन करणे. इक बेल ये मॉर्खन ओप, मी तुला उद्या फोन करते. बेल उठून दुसऱ्या जागी गेलं, ओप घरीच राहिलं. आता हेच गौण वाक्यात बघ: ओमदत इक ये मॉर्खन ओपबेल. इथे कोणी उठलंच नाही, त्यामुळे ओप आणि बेल एकत्र. वाक्याच्या शेवटी एकटं पडलेलं ओप म्हणजे क्रियापद कुठून उठून गेलं त्याची खूण आहे. चूल हलवली तरी जमिनीवर काळा डाग राहतो, तसं. क्रियापदाचं घर शेवटी आहे याचा कॉस्टरना सापडलेला एक मोठा पुरावा हाच होता. दुकानात गल्ल्यावर ‘विल्त ऊ द बॉन मे?’ असं तुला रोज विचारत असतील, पावती सोबत नेणार का? त्या ‘मे’नंतर खरं तर नेमन असायला हवं. ते गळून गेलंय, शेपूट तेवढं उरलंय. आणि प्रश्न असल्यामुळे विल्त एक पाऊल आणखी पुढे, पहिल्याच जागी. हो-नाहीच्या प्रश्नाला आपल्यासारखं ‘का’ जोडावं लागत नाही, क्रियापद पुढे आलं की प्रश्न झाला.

पण मराठी प्रत्येक वेळी सोबत येईल असं सांगून मी तुला फसवणार नाही. तीन-चार ठिकाणी तीच तुला चकवेल, आणि ती ठिकाणं माहीत असलेली बरी.

पहिलं म्हणजे आपलं ‘कारण’. डचमध्ये त्याची दोन रूपं आहेत, ओमदत आणि वन्त. अर्थ जवळजवळ एकच, पण वन्तनंतरचं वाक्य स्वतंत्र वाक्यासारखं चालतं: वन्त झेइ इस झीक. म्हणजे फोनवर तू फक्त ओमदतऐवजी वन्त म्हणाली असतीस तर वाक्य अगदी बरोबर ठरलं असतं. एन (आणि), मार (पण), ओफ (किंवा), वन्त (कारण), दुस (म्हणून) हे पाच शब्द वाक्यं जोडतात पण क्रियापदाला हात लावत नाहीत. हे पाच मात्र पाठच कर, इथे दुसरा इलाज नाही. ‘ओफ’ दोन कामं करतो. ‘किंवा’ या अर्थी तो या पाचांत बसतो, पण ‘की नाही’ या अर्थी आला की क्रियापद शेवटी: इक वेत नीत ओफ हेइ कोम्त, तो येतो की नाही मला माहीत नाही.

दुसरं ठिकाण वाक्याच्या टोकाशी, जिथे दोन-तीन क्रियापदं एकत्र गोळा होतात. ‘मी पुस्तक वाचलं आहे’ याला ‘दत इक हेत बुक खलेझन हेप’ हा क्रम चालतो, आपल्यासारखाच, आणि ‘हेप खलेझन’ असा उलटाही चालतो. डच लोक पहिल्याला हिरवा क्रम आणि दुसऱ्याला लाल क्रम म्हणतात, बोलीभाषांच्या एका जुन्या नकाशावरच्या रंगांवरून. लिखाणात लाल जास्त दिसतो. तू बिनधास्त हिरवा वापर, कोणी चूक म्हणणार नाही. पण ‘शकणे’ आलं की सांभाळ. आपण म्हणतो ‘कारण मी येऊ शकले नाही’, आधी येणं, मग शकणं. डच म्हणतात ‘ओमदत इक नीत हेप कुनन कोमन’, आधी शकणं, मग येणं. इथे मराठीच्या तालावर गेलीस तर ‘कोमन कुनन’ होईल आणि ते डच कानाला खटकतं. माझ्या तोंडून अजूनही दमलेल्या संध्याकाळी ते निसटतं.

‘नीत’चंही, म्हणजे ‘नाही’चंही, तसंच. ‘इक हेप हेत बुक नीत खलेझन’ हे ‘मी ते पुस्तक नाही वाचलं’ असं ऐकलंस तर बरोबर बसतं. पण जागा किंवा दिशा सांगणारे शब्द आले की नीत त्यांच्या आधी उभं राहतं: नीत नार स्खोल. आपण ‘शाळेत येणार नाही’ म्हणून नकार अगदी शेवटी टाकतो, ते इथे चालत नाही. आणि ‘एकही पुस्तक नाही’, ‘ताप नाही’ या थाटातला नकार असेल तर नीत नाही, खेन.

राहिला प्रश्न शब्दयोगी अव्ययांचा. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, ते ‘ओप ताफल’. वर आधी, टेबल नंतर. इथे मराठी उलटी आहे आणि इंग्रजी कामी येते, तेव्हा तिची मदत घे, त्यात कमीपणा नाही. तरी एक गंमत बघ: टेबलाचं नाव न घेता ‘त्यावर’ म्हणायचं झालं की डच माणूस एकदम आपल्यासारखा बोलतो. दारओप, त्यावर. दारइन, त्यात. दारओंदर, त्याखाली. दारना, त्यानंतर. ‘ओन इट’ म्हणणाऱ्या माणसाला हे शब्द कोड्यासारखे वाटतात. तुला ते ओळखीचे वाटतील.

आता त्या सतरा नियमांच्या कागदाचं काय करायचं? फाडू नकोस. प्रत्येक नियमाशेजारी पेन्सिलीने लिही: मराठीसारखं, किंवा मराठीहून वेगळं. मला खात्री आहे की दुसऱ्या प्रकारात फार थोडे उरतील, आणि तुला फक्त तेवढ्यांवर घाम गाळायचा आहे.

रोजचा सराव फ्रिजवरच्या यादीतून कर. यादी डचमध्ये लिही, जशी शेजारीण लिहिते तशी, क्रियापद शेवटी ठेवून. संध्याकाळी भाकरी करताना, भांडी घासताना, त्यातल्या एका कामाला धरून तोंडाने म्हण: बोत्स्खपन दून. इक विल बोत्स्खपन दून. फनदाख दू इक बोत्स्खपन. ओमदत इक बोत्स्खपन दू. चार वाक्यं, एकच क्रियापद, ते कधी घरी कधी दुसऱ्या जागी. मोठ्याने म्हण. दहा मिनिटं पुरतात, पण रोज.

लोक इंग्रजीवर येतात त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. शाळेतल्या बाईंनी तुला मदत म्हणूनच केलं असणार. पण तू त्यांना थांबवू शकतेस, आणि डच लोकांना सरळ सांगितलेलं आवडतं. झुलन व नेदरलंत्स प्रातन? आपण डच बोलू या का? हे एक वाक्य खिशात ठेव. मी तेवीसाव्या वेळी कुठे ते न थरथरता म्हणू शकले असेन, पण म्हटल्यावर जवळजवळ प्रत्येक वेळी समोरच्याचा चेहरा खुलला. गोंधळ झाला तर ‘कुन्त ऊ इत्स लंगझामर प्रातन?’, जरा सावकाश बोलाल का?

वयाचं विचारलंस. कट्ट्यावर माझ्यासमोर साठीच्या बायका बसतात आणि दोन वर्षांत शेजाऱ्यांशी गप्पा मारायला लागतात. एकोणचाळीस हे रडायचं वय नाही. मुलीला तुझी चूक ऐकू येते पण सांगता येत नाही, कारण तिने ते नियमाने शिकलेलंच नाही, कानाने शिकलं आहे. तिला शिक्षिका करू नकोस, कंटाळेल. तिला चिठ्ठ्या दे, लाल शाईची तिच्या हाताने लिहून घे, आणि ‘मी मांडते, तू सांग बरोबर वाटतं का’ असं म्हण. तिने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. तिचा कान आणि तुझं मराठी, एवढ्यात काम होईल.

आणि हा कागद फोनजवळ लावून ठेव, कारण हिवाळ्यात मुलांना ताप येतोच:

मेइन दॉख्तर कोम्त फनदाख नीत नार स्खोल, ओमदत झेइ झीक इस. अल्स झेइ मॉर्खन खेन कोर्त्स हेफ्त, कोम्त झेइ वेर.

माझी मुलगी आज शाळेत येणार नाही, कारण ती आजारी आहे. उद्या तिला ताप नसेल तर ती परत येईल. पहिल्या वाक्यात कोम्त दुसऱ्या जागी, नीत शाळेच्या आधी. ओमदतनंतर इस आपल्या घरी. दुसऱ्या वाक्यात हेफ्त आणि कोम्त स्वल्पविरामाला पाठीला पाठ लावून. फोन लावायच्या आधी एकदा मुलीला वाचून दाखव आणि ती काय म्हणते ते मला कळव.

तुझी,
ताई